गोड्या पाण्यात कयाकवरून गळ: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे म्हणजे तलावांचं शहर, आणि नवी मुंबईतही सिडकोच्या इमारतींमध्ये जुन्या गावांची तळी अजून टिकून आहेत. त्यामुळे कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, घरात आली की पहिला प्रश्न येतो तो ‘आता हिला पाण्यात उतरवू कुठे?’ हाच. खालची उत्तरं फक्त गोड्या पाण्यापुरती आहेत. ठाणे खाडीत भरती-ओहोटी आहे, पाय रुतवणारा चिखल आहे, आणि खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथलं गणित वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

उपवन किंवा मासुंदा तलावात स्वतःची कयाक टाकता येईल का?

नाही. शहरातले तलाव महापालिकेच्या ताब्यात आहेत, तिथलं नौकाविहार पालिकेच्या परवानगीनेच चालतं. आणि उद्या परवानगी मिळाली तरी तिथला मासा मी ताटात घेणार नाही. चारी बाजूंनी वस्ती आहे, पावसात रस्त्यावरचं काय काय वाहून तलावात उतरतं ते आपण डोळ्यांनी पाहतो. तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला जावं, ते सुख वेगळं आहे.

मग धरणांच्या जलाशयात?

भातसा, तानसा, मोडकसागर, बारवी, मोरबे या जागा सोडून द्या. हे आपल्या नळाचं पाणी आहे. मोरबे तर नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, आणि तानसा अभयारण्यात येतं. येऊरच्या डोंगरापलीकडचे तुळशी आणि विहार हेही पिण्याच्या पाण्याचे तलाव, राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतले, आणि तिथे मगरी आहेत.

राहतात ती मुरबाड, शहापूर, कर्जत आणि पनवेलच्या मागच्या डोंगराखालची गावतळी, पाझर तलाव आणि शेतकऱ्यांची खासगी तळी. कयाकला एवढं भरपूर झालं. दोनशे मीटर रुंदीच्या तळ्यातसुद्धा सकाळ पुरत नाही. तळ्यांची नावं इथे मुद्दाम देत नाही. एखादं नाव बाहेर फुटलं की पुढच्या रविवारी काठावर गाड्यांची रांग लागते, प्लास्टिक पडतं, आणि गावकरी सगळ्यांनाच बंदी करतात. त्यात त्यांची काहीच चूक नसते.

परवानगी कोणाची घ्यायची? पाणी तर सरकारी असतं ना?

खासगी तळं असेल तर मालकाची. सरकारी किंवा ग्रामपंचायतीचं असेल तर मासेमारीचा हक्क बहुतेक वेळा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो, आणि मग हो-नाही म्हणण्याचा अधिकार त्या संस्थेचा. पाणी सरकारी म्हणजे मासा सगळ्यांचा, असं शहरातून येणारे बरेच जण धरून चालतात. तसं नाही, आणि का नाही हे मुळातून समजून घेण्यासारखं आहे.

रोहू, कटला आणि मृगळ हे नदीचे मासे. पावसाळ्यात चढत्या, वाहत्या पाण्यात ते अंडी टाकतात. साठलेल्या तळ्यात मादी अंड्यांनी भरते, पण अंडी टाकत नाही. पूर्वी या माशांचं बीज नद्यांमधून गोळा करावं लागे. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन हे मासे तळ्यातच अंड्यावर आणले, आणि त्यातून पुढे हॅचरीचं बीज मिळू लागलं. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो याच कामाच्या आठवणीत. आता विचार करा. तुमच्या गळाला लागलेला तीन किलोचा रोहू त्या तळ्यात आपणहून आलेला नाही. कोणीतरी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडली आहे, उन्हाळ्यात पाणी आटत असताना राखण केली आहे, चोरट्या जाळ्यांवर रात्री जागून नजर ठेवली आहे. तो मासा म्हणजे कोणाचं तरी उभं पीक आहे.

म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी जा. संस्थेची माणसं जाळी सोडायला काठावर येतात ती वेळ गाठा. किती जण येणार, किती वाजता, मासा नेणार की सोडणार, हे स्पष्ट बोला. ठरलेले पैसे आधी द्या आणि पावती घ्या. जाळी कुठे लावली आहेत तेही तेव्हाच विचारून ठेवा, कारण पहाटेच्या उजेडात पाण्यावरच्या रिकाम्या बाटल्या हा कचरा आहे की जाळ्याची खूण, हे नवख्याला कळत नाही. जाळ्यावरून कयाक कधीच न्यायची नाही. वल्हं अडकलं तर जाळं फाटतं, आणि एका फाटक्या जाळ्यात त्या घराचा आठवडा जातो.

पहाटेच का जायचं? दुपारी मासे नसतात का?

असतात, पण दुपारी वारा तुम्हाला बसू देत नाही. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्याकडे रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, तोही मंद. जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि दुपारपर्यंत जोर धरतो. मुरबाडच्या बाजूला तो थोडा उशिरा पोचतो, इतकंच. कयाक पाण्यावर हलकी. वारा लागला की ती तुमच्या जागेवरून सरकते, दोरीला झोल पडतो, मासा आमिष चाखून गेला तरी हाताला कळत नाही. जमलं तर पूर्वेच्या काठावरून उतरा. खारा वारा पश्चिमेकडून येतो, तो परतताना तुम्हाला गाडीकडेच लोटेल. दमलेल्या खांद्यांना याची किंमत कळते.

दुसरी गोष्ट उजेडाची. मरळ कमी उजेडात शिकार करते, तेव्हा तिच्यासाठी पहिला तास सोन्याचा. रोहू-मृगळ मात्र ऊन जरा पसरल्यावर चरायला लागतात. म्हणजे पहाटे कडेच्या गवताशी मरळ आणि साडेसात-आठनंतर खोल पाण्यात रोहू, असा सकाळचा क्रम आपोआप लागतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आगेमागे उगवतो, मेअखेरीस सहाला. अंधारात पाण्यावर जाऊ नका. समोरचा माणूस ओळखू येईल इतकं फटफटलं की उतरा.

तिसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. रात्री पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. त्यामुळे तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. मार्च-एप्रिलनंतर, पाणी हिरवंगार झालेलं असताना, पहाटे मोठे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले तर ‘आज मासा वर आहे’ म्हणून खूश होऊ नका. ते गुदमरत असतात. त्या दिवशी गळ बाहेर काढायचा नाही. संस्थेच्या माणसाला फोन करा, त्याला पंप लावून पाणी ढवळायला वेळ मिळेल.

कोणती कयाक घ्यावी?

मासेमारीसाठी वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप. आत पाय घालून बसायची कयाक वेगाला चांगली, पण तिच्यात पाणी भरलं की उपसत बसावं लागतं. वर बसायच्या कयाकला आरपार भोकं असतात, आलेलं पाणी निघून जातं. नऊ-दहा फुटांची, रुंद बुडाची घ्या. अशा कयाकचं वजन साधारण वीस ते अठ्ठावीस किलो भरतं. कंपनीने लिहिलेल्या भारक्षमतेच्या दोन तृतीयांशावर थांबा, त्यात तुम्ही, सामान आणि मासा सगळं आलं.

फुगवायची कयाक दहा-पंधरा किलोत येते आणि डिकीत मावते. तिला गळाची भीती वाटते असं लोक म्हणतात. जाड पीव्हीसीची असेल तर सहसा काही होत नाही, पण गळ टोपणाशिवाय मोकळा ठेवायचा नाही आणि काटेरी माशासाठी खाली ओलं पोतं अंथरायचं. बाभळीच्या काट्यांचा काठ मात्र टाळा. आणि विकत घेण्याआधी कोणाची तरी मागून किंवा भाड्याने घेऊन दोन-तीन सकाळी बसून पाहा. कंबरेला जमतं की नाही हे दुकानात कळत नाही.

इमारतीत ठेवायची कुठे? लोकलने नेता येते का?

कडक कयाक लिफ्टमध्ये जात नाही. जिन्याने न्या किंवा सोसायटीच्या परवानगीने पार्किंगच्या भिंतीला टांगा, पण उन्हात नाही. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं. टपावर बांधून घोडबंदर रोडने किंवा शिळफाट्याने जाणार असाल तर पहाटेच निघा, परतताना अवजड गाड्यांच्या गर्दीत अडकायची तयारी ठेवा आणि पट्टे पहिल्या पाच किलोमीटरनंतर उतरून तपासा. फुगवायची कयाक पाठीवर घेऊन आसनगाव किंवा बदलापूरच्या पहिल्या गाडीने जाणारे आहेत. लगेजच्या डब्यात चढा, वजनाचे नियम पाहा, आणि पाटीवाल्यांना आधी जागा द्या.

मला पोहता येतं. तरीही लाइफ जॅकेट?

हो. घालूनच, मांडीखाली ठेवून नाही. तळ्याच्या तळाला गाळ असतो, झाडोरा असतो, जुनी जाळी असतात. यावर दुसरं मत नाही.

कयाक उलटली तर काय करायचं?

हे घरच्या घरी वाचून येत नाही. छातीइतक्या पाण्यात, काठाजवळ, सोबत माणूस ठेवून मुद्दाम उलटवून शिकायचं. आधी हात कयाकवरच ठेवा, ती सोडू नका, वाऱ्याने ती तुमच्यापेक्षा भराभर जाते. उलटी पडली असेल तर पलीकडची कड पकडून स्वतःकडे ओढा, ती सुलटी होते. मग मधोमध या, जिथे बैठक आहे तिथे. दोन्ही हात पलीकडच्या कडेपर्यंत न्या, पाय मागे पाण्यात आडवे करून जोरात मारा आणि पोटावर सरकत वर या. इथे सगळे घाई करतात आणि गुडघा आधी वर घेतात. मग कयाक परत कलंडते. पोट कयाकवर, तोंड पलीकडे, पाय अजून पाण्यात, अशा स्थितीत एक श्वास घ्या. नंतर कुशीवर वळून पार्श्वभाग बैठकीत टेकवा. पाय सर्वांत शेवटी.

सामान बांधलेलं असेल तरच हे जमतं. वल्ह्याला दोरी, रॉडला दोरी, पकडीला दोरी. मोबाइल पाण्यापासून राखणाऱ्या पिशवीत, गळ्यात.

तळ्यात कोणते मासे मिळतात आणि आमिष काय?

कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. कयाकवरून याचा फायदा असा की तुम्हाला हवी ती खोली गाठता येते. मृगळ गाळ उकरतो तेव्हा बारीक बुडबुड्यांची ओळ वर येते आणि ती हळूहळू पुढे सरकते. सरकणारी ओळ म्हणजे मासा. एकाच जागी सुटणारे मोठे बुडबुडे म्हणजे नुसता कुजका गाळ. सरकत्या ओळीच्या वाटेवर, दोन-तीन हात पुढे गळ सोडा आणि वल्हं मांडीवर आडवं ठेवून गप्प बसा. वल्हं कयाकच्या कडेवर आपटलं की तो आवाज पाण्यातून दूर जातो आणि बुडबुडे थांबतात.

या तिघांना गव्हाचं पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि भिजवलेला पाव एकत्र मळून गोळी करा, चिमूटभर हिंग घाला. पीठ असं मळायचं की गोळी गळावर टिकेल पण मासा तोंडात घेईल तेव्हा फुटेल. चिलापी गांडुळावर येते, आणि इतकी येते की इतरांना जागा देत नाही. ती इथली नव्हे, १९५२ साली भारतात आणली गेली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून कुठल्याही तळ्यात झपाट्याने वाढते. चिलापी मिळाली तर ती निश्चिंत मनाने घरी न्या, संस्थेची माणसंही सहसा नाही म्हणत नाहीत. सहा-सात फुटांचा मध्यम रॉड आणि ०.३० मिलिमीटरची दोरी या सगळ्याला पुरते.

मरळ पकडायची सोपी युक्ती म्हणून पिल्लांच्या घोळक्यावर गळ टाकतात. ते बरोबर आहे का?

नाही. आणि हे मला मनापासून सांगायचं आहे.

मरळीची पिल्लं लालसर-केशरी असतात आणि शेकड्यांनी एकत्र पोहतात. वारा पडलेला असताना गवताच्या कडेला कयाक थांबवली तर परातीएवढ्या पाण्यावर बारीक थरथर दिसते. पिल्लं हवा घ्यायला वर येतात, सगळी एकाच वेळी, आणि लगेच खाली जातात. थोड्या वेळाने तीच थरथर हातभर पुढे. ऊन तिरकं असेल आणि तुम्ही हलला नाहीत तर त्यांच्या खाली एक काळपट, जाड पाठ दिसते. ती आई किंवा बाप. घोळका वळला की तीही वळते. तुमची सावली पिल्लांवर पडली तर ती निघून जात नाही, उलट वर येऊन कयाकच्या आणि पिल्लांच्या मधे थांबते. काठावरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. कयाकवाल्याला दिसतं, म्हणून त्याची जबाबदारी जास्त.

त्या घोळक्यावरून प्लास्टिकचा बेडूक ओढला तर मरळ झडप घालते. भुकेने नाही, राखणदारी म्हणून. ती उचललीत की पिल्लं चिलापीच्या आणि पाणकावळ्यांच्या तोंडी जातात. एका मरळीच्या बदल्यात त्या तळ्याची पुढची पिढी गेली. घोळका दिसला की गळ आवरा आणि लांबून वळसा घ्या.

नांगर लागतो का?

दीड किलोचा घडीचा नांगर पुरे. दोरी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट. टोकाला बांधा, पुढच्या किंवा मागच्या, कुशीला कधीच नाही. वाऱ्यात कुशीचा नांगर कयाक उलटवतो. खिशात सुरी असू द्या, अडकला तर दोरी कापा.

मोठा मासा लागला आणि कयाकच ओढू लागला तर?

ओढू द्या. काठावर पाय रोवून उभं राहतो तसं इथे होत नाही, आणि त्यातच गंमत आहे. मोठा कटला कयाक गोल फिरवतो, थोडं अंतर नेतो, आणि त्यातच दमतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ब्रेक, सैल ठेवा, रॉड कयाकच्या नाकाकडे धरा म्हणजे ओढ समोरून येईल. मासा कडेला आला की सगळे त्याला बघायला झुकतात आणि तिथेच कलंडतात. नियम एकच: डोकं कयाकच्या कडेबाहेर न्यायचं नाही. मासा दमल्यावर हातजाळी पाण्यात बुडवून ठेवा आणि माशाला जाळीवर आणा. जाळी घेऊन माशामागे धावू नका.

पकडलेला मासा सोडायचा की खायचा?

संस्थेशी जे ठरलं ते. सोडणार असाल तर गळाचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून सपाट करा. हात ओले करून मासा धरा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर रोगाने मरतो. कल्ल्यांत बोट घालू नका. फोटो हवा असेल तर मोबाइल आधी तयार ठेवा, मासा मग पाण्याबाहेर काढा. सोडताना त्याला पाण्यात सरळ धरा, शेपटी स्वतःहून जोर करेपर्यंत.

खाणार असाल तर एक-दोन पुरेत. तळ्याच्या माशाला मातकट वास येतो त्याचं कारण जिओस्मिन. निळ्या-हिरव्या शेवाळात आणि काही जीवाणूंत ते तयार होतं आणि मांसात उतरतं. आंबटाने तो वास कमी होतो, म्हणून तुकड्यांना मीठ-हळद आणि चिंचेचा दाट कोळ लावून अर्धा तास ठेवा. मग आगरी मसाला, लसूण आणि तांदळाचं पीठ. मरळीला याची फारशी गरज नाही, तिचं कालवण तसंच गोड लागतं.

पावसाळ्यात जावं का?

माझं मत, जाऊ नये. पहिल्या जोरदार पावसात मासे ओढ्यातून शेतात चढतात, ठाणे-रायगडात त्याला वलगण म्हणतात. गावोगाव लोक तेव्हा मासे धरतात, पण चढणारा मासा अंड्यांनी भरलेला असतो, आणि शौकासाठी जाणाऱ्यांनी तरी त्यात भर घालू नये. शिवाय पाणी गढूळ, सांडव्याजवळ ओढ जबरदस्त, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) धोका. चिखलपाण्यात गेल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेलो होतो हे आधी सांगा.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून काठ गाठा.

साप दिसला तर?

पाण्यात पोहणारा साप बहुधा पाणदिवड असतो, बिनविषारी. वल्ह्याने मारू नका, जाऊ द्या.

लहान मुलांना नेऊ का?

पोहता येत असेल, त्यांच्या मापाचं जॅकेट असेल, आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः गळ टाकणार नसाल तर जरूर न्या. एका वेळी एकच काम होतं.

बोटात गळ रुतला तर?

काटा आत गेला असेल तर ओढून काढू नका. दोरी कापा, गळ तसाच ठेवून वर कापड बांधा, काठावर या आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून सांगा.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कयाक धुवायची का?

हो, आणि पूर्ण वाळवायची. जलपर्णीचा एक तुकडा नांगराच्या दोरीला चिकटून गेला तरी नव्या तळ्यात पसरायला पुरतो. उल्हास नदीचं जलपर्णीने काय झालं ते कल्याणच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको. भोकांत, बैठकीखाली, हातजाळीच्या गाठींत बोट घालून पाहा. जिवंत आमिष उरलं तर ज्या तळ्यातलं त्याच तळ्यात सोडा. मत्स्यालयातला सकर किंवा कोणी दिलेला आफ्रिकन मांगूर कुठल्याच पाण्यात सोडायचा नाही. आफ्रिकन मांगूर पाळायलाही बंदी आहे. गळाला मांगूर लागला तर परत पाण्यात न सोडता संस्थेच्या माणसांना दाखवा.